पोटनिवडणुकीची व्हॉइस नोट

"याचं इंग्लिशमध्ये भाषांतर करून द्या. आजच," असं म्हणून अर्बाबनी, म्हणजे आमच्या ओमानी मालकांनी, स्वतःचा फोन माझ्यापुढे ठेवला. फोनवर मराठी व्हॉइस नोट होती. आवाज मी लगेच ओळखला. इब्रीच्या साइटवरचा प्लॅनिंग इंजिनिअर मिलिंद.

मी मूळची वसईची. हमरियातल्या या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एचआर बघते. हेड ऑफिसात मराठी समजणारी मी एकटीच.

मिलिंदच्या तालुक्याचे आमदार वारले आणि पोटनिवडणूक लागली. ड्यूटी संपली की तो उमेदवारांवर बोलायचा, ते रेकॉर्ड करून गावच्या ग्रुपवर टाकायचा. ही नोट आमदारांच्या मुलाबद्दल होती. तोही उभा होता. गटार साफ करताना वस्तीतली दोन माणसं गुदमरून मेली, तो ठेका कोणाचा होता ते विचारा, असं तो सांगत होता. मुलींचं हॉस्टेल का बंद पडलं, तेही विचारा. यावर उत्तर न देता कोणी नुसती देवळाची देणगी जाहीर करत असेल, तर त्याला मत देऊ नका. आवाज शांत होता. शिवी एकही नव्हती.

नोट अर्बाबकडे तक्रारीसोबत आली होती, आणि तक्रार इब्रीच्याच प्रोजेक्ट मॅनेजरची होती. आमदारांचा मुलगा त्याचा साडू. मिलिंद धर्माचा अपमान करतो, असं त्याने मेलमध्ये लिहिलं होतं. इथे तो गुन्हा आहे. कंपनीने कळवलं तर पोलीस, जेल आणि मग डिपोर्टेशन, म्हणजे देशाबाहेर रवानगी.

मी लिहायला बसले तोच मॅनेजरचा फोन आला. देवळाचं वाक्य जरा कडक येऊ द्या, म्हणाला. आहे तसंच येईल, असं सांगून मी फोन ठेवला.

मग मिलिंदला फोन करून सगळं सांगितलं. गटाराचा भाग थोडा मऊ करू का, असंही विचारलं.

"नको मॅडम. त्या दोघांतला एक माझा मावसभाऊ होता. बोललोय तेच लिहा."

अर्बाबनी भाषांतर दोनदा वाचलं. यात धर्माचा अपमान कुठे आहे, असं विचारलं. मी म्हटलं, कुठेच नाही. पोलिसांचा विषय तिथेच संपला. मला हायसं वाटलं.

पण ते पुढे म्हणाले, "साइटवर दोघांचं भांडण मला नको. मिलिंदला काढून टाका. खलास."

तक्रार खोटी आहे, उलट मॅनेजरकडून खुलासा मागायला हवा, असं मी म्हणून पाहिलं. त्यांचं म्हणणं, काम हँडओव्हरला आलंय, आता मॅनेजर बदलता येणार नाही. इंजिनिअर दुसरा मिळतो.

टर्मिनेशनचं लेटर मीच टाइप केलं. मिलिंद सही करायला हमरियात आला. त्याचं कुटुंब वादी अदाईत राहायचं, मुलगी नववीत. वार्षिक परीक्षेपर्यंत मायलेकींना इथे राहता येईल का, एवढंच त्याने विचारलं. फॅमिली व्हिसा नोकरीच्या व्हिसावर टिकून असतो. नोटिशीच्या मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही, तर तिघांनाही जावं लागेल, असं मला सांगावं लागलं. नोकरी मिळाली नाही. तिघंही गेले.

आमदारांचा मुलगा निवडून आला. इब्रीच्या साइटवर मॅनेजरने पेढे वाटले. ठेक्याची चौकशी झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

तक्रारीची आधी शहानिशा करा, असं एचआरच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात. मी ती केली. तक्रार खोटी निघाल्यावर जायचं कोणी, हे मालक ठरवतो, एवढं त्यात शिकवत नाहीत.