मांडीवर राहिलेला झेंडा

हे मी घरीसुद्धा कधी बोललो नाही. शिरूरच्या कराटे स्पर्धेत मी कोपऱ्यातला पंच होतो. लाल पट्टा बांधलेली मुलगी खुटबावची, अनोळखी. निळा पट्टा माझ्याच क्लासमधल्या मुलीचा.

लाल मुलगी घाई करत नव्हती. समोरचीचा पाय पुढं पडायची वाट बघायची आणि तो टेकायच्या आत मागच्या हाताचा ठोसा मारून सरकायची. बरोबरी असताना शेवटी तसाच ठोसा लागला. मला स्वच्छ दिसला. गुणाला दोन पंचांचे झेंडे लागतात. एक वर गेला, माझा मांडीवरच राहिला. पुढं निकाल निळ्याकडं गेला.

नंतर लाल मुलगी माझ्यासमोर येऊन वाकली. "सर, माझीच पाठ आडवी आली आसंल. तुमाला कसं दिसणार?"

"व्हय," मी म्हणालो.

यंदा दौंडला ती पुन्हा दिसली. आता ठोशाआधी अर्धं पाऊल बाजूला घेत होती, पंचांना हात मोकळा दिसावा म्हणून. चारही झेंडे वर गेले, त्यात माझाही. जाताना हसून म्हणाली, "आज दिसलं न्हवं, सर?"

तिची पाठ तेव्हाही आडवी आली नव्हती. एवढं तिला सांगायचं देणं मी अजून लागतो.