सहा नावांची झील

बेचाळीस साली एका सोमवारी मोर्चा कचेरीपाशी पोचला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आमच्या गावचे सहाजण गेले. त्यांत माझा थोरला भाऊ शंकर होता. मी तेव्हा सातवीत होतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी गावात त्यांचा स्मारकस्तंभ उभा राहिला. मी सांगलीत शाळेवर मराठी शिकवत होतो आणि तासगावच्या एका शाहिरांच्या कलापथकाला गाणी लिहून देत होतो. उद्घाटनाचं गाणं गावच्या कमिटीने मला लिहायला सांगितलं. कमिटीचे अध्यक्ष पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांची एकच अट होती : शाहिरांच्या मागे गावच्याच बायकांनी म्हणायचं.

मला तीन महिने लागले. 'अमर', 'वीर', 'रक्त' असे शब्द आले की मी कागद फाडत असे. दादा त्या सकाळी म्हशीची धार काढून गेला होता. असल्या शब्दांत तो मला सापडत नव्हता. शेवटी सहा नावंच उरली. शाहिराची ओळ मागच्यांनी उचलून धरायची, याला झील धरणं म्हणतात. शाहीर विचारणार, "सांजंला कोण आलं न्हाई घरी?" बायका झील धरणार, "गणपत आला न्हाई." पुढच्या खेपेला पुढचं नाव.

पहिली रिहर्सल देवळासमोर झाली. शाहिरांनी डफावर थाप मारून विचारलं. पुढे काहीच नाही. बारा बायका तोंडाला पदर लावून गप्प.

"मास्तर, ह्यांचं पाठ झालं न्हाई का?" शाहीर म्हणाले.

"पाठ हाय की," मागून एक म्हातारी म्हणाली. "पर सासऱ्याचं नाव घ्यावं कसं? तुमच्या बायकूला इचारा, तुमचं नाव घेती का ती!"

बायका हसल्या. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, सासऱ्याचं घेत नाही, थोरल्या दिराचं घेत नाही. ज्यांच्या नात्यातलं नव्हतं, त्यांनाही शेजारणीदेखत तिच्या सासऱ्याचं नाव एकेरीत घेणं जड गेलं. मी याच गावात वाढलो होतो. आईच्या तोंडून वडिलांचं नाव कधी ऐकलं नव्हतं. लिहिताना यातलं एकही आठवलं नाही.

सुभेदार म्हणाले, "नावं काढा. 'सहा वीर' म्हना, झालं. प्रोग्रॅम आठ दिवसांवर आलाय."

"नावं काढली तर गाण्यात काय राहतं?"

"मग बायकांच्या जागी तुमीच ऱ्हावा हुबं. लुगडं मी देतो."

तीस वर्षं आमच्या घरात दादाचं नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. निघालं की आई ताटावरून उठायची. ते एकदा चारचौघांत ऐकावं, एवढ्यासाठी मी गाणं घेतलं होतं.

तेव्हा त्या बारांतून वहिनी पुढे आल्या. दादा गेला तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. पुढे घर आणि रान त्यांनीच सांभाळलं.

"आवं भावजी, एवढं काय त्यात? जिच्या घरचं नाव येईल, तिनं तेवढ्यापुरतं गप ऱ्हायचं. बाकीच्यांनी खुशाल म्हनायचं. माझ्या घरचं म्हना, मला राग न्हाई."

"पर वैनी, आवाज कमी पडंल," सुभेदार म्हणाले.

"पडू द्या की. मानूसबी कमी पडलंच की."

सुभेदारांनी शाहिरांना पुन्हा सुरू करायची खूण केली.

उद्घाटनाला तसंच झालं. प्रत्येक नावाला एकदोन आवाज थांबत, बाकीचे नाव पुढे नेत. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना काही कळलं नाही. गावाला कळत होतं. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. चौथं नाव दादाचं. वहिनींनी ओठ मिटले आणि मान ताठ ठेवली. अकरा जणींनी म्हटलं, "शंकर आला न्हाई."

गाणं लिहिणाऱ्याने आधी ते म्हणणाऱ्यांच्या घरी जाऊन बसावं, एवढं मी त्यातून शिकलो. त्या गाण्यातली सर्वांत चांगली जागा मी लिहिलेली नाही.

वहिनींना जाऊन बरीच वर्षं झाली. गाणं अजून दरवर्षी होतं. आता ते शाळेतल्या मुली म्हणतात. कुणी थांबत नाही.