दोऱ्यांची काच

"तोंडाकडं पाहू नको, चौकोनात पाहा," असं तो पोरांच्या मागे उभा राहून म्हणायचा आणि माझा संशय वाढायचा. तोंडाकडे पाहिलेलं ज्याला नको, तो काहीतरी लपवतो, असं माझं ठाम मत होतं. तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील.

वारंगा फाट्यावर तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. दर शनिवारी आमच्या शाळेत येऊन चित्रकला शिकवायचा, तीही फुकट. फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात.

पोरांना तो घरून कुणाचा तरी फोटो आणायला सांगे. त्यावर आडवेउभे दोरे ताणलेली काच ठेवी. कागदावर तेवढेच, पण मोठे चौकोन आखायचे आणि एकेका चौकोनात दिसेल तेवढंच उतरवायचं. बाकीचं तो पुठ्ठ्याने झाकी. काढतोय ते नाक आहे, हेसुद्धा पोराला कळत नसे.

"गावभरचे फोटो काहून लागतात तुम्हाला?" मी विचारलं.

"आपल्या माणसाचं चित्र लेकरू मन लावून काढते, सर."

"मग तोंड का झाकता?"

"तोंड पाहिलं की हात फसवते."

मला काही पटलं नाही. शाळा सुटताना मी फोटो मोजून परत करायला लावी. एकदा तर खिडकीतून गुपचूप त्याचाच फोटो मोबाइलवर काढला. उद्या पोलिसांना दाखवायची वेळ आली तर असावा!

मग सहावीतल्या एका पोरीने आईचा फोटो आणला. आई वारलेली, घरात तेवढा एकच फोटो आणि तोही बोटभर. काच मोठी पडू लागली.

"बारीक चौकोनाची बनवून आणतो," म्हणत त्याने फोटो खिशात घातला.

"फोटो इथंच राहू द्या," मी म्हणालो.

"नेऊ द्या ना सर," पोरगीच म्हणाली.

पुढच्या शनिवारी तो आलाच नाही. पोरगी शाळा सुटेपर्यंत फाटकाशी उभी. मी म्हणत नव्हतो? तडक मोटारसायकल काढली.

दुकान बंद होतं. शेजारचा चहावाला म्हणाला, "पेंटर मंगळवारीच वारले, सर. छातीत कळ आली. सोमवारी हे देऊन ठिवलं व्हतं, शाळेकडं कोणी चाललं तं धाडा म्हणून."

पुडक्यात नवी छोटी काच होती, केसासारखे दोरे ताणलेली. खाली फोटो, एक ओरखडा नाही. मला माझीच लाज वाटली.

"हार घालायला त्यायचा एकबी फोटो सापडला न्हाई," चहावाला म्हणाला. "जगाची चित्रं काढली, सोताचा फोटो ठिवला न्हाई."

मी खिशातला मोबाइल काढला.

पोरीने आईचं चित्र पुरं केलं. आता काचेखाली त्याचा फोटो आहे, आणि शनिवारी पोरांसोबत मीही बसतो. परवा डोळ्यांपाशी आलो आणि रेघ हलायला लागली. शेजारून पोरीने पुठ्ठा सरकवून चेहरा झाकला.

"सर, तोंडाकडं पाहू नका."