गुलालात माखलेला कापूस

परवा गादीची खोळ उसवली, आतून गुलाबी कापूस निघाला आणि विधानसभेच्या निकालाची ती दुपार आठवून माझं डोकं पुन्हा फिरलं. आम्ही सिंदीच्या बाजारात कापूस विकायला रांगेत उभे होतो. मी ट्रॅक्टरवर, बाबा मागे उघड्या ट्रॉलीत, पांढऱ्याशुभ्र कापसावर बसलेले. डीजे वाजवत विजयाची मिरवणूक आली आणि ट्रकवरून पोत्यानं उधळलेला गुलाल आमच्या मालावर पडला. "अरे, माल खराब करून राह्यले ना!" बाबा ओरडले. एक कार्यकर्ता हसला, "काका, आपला माणूस निवडून आला, खुश व्हा ना!" मत आम्हीही त्याच माणसाला दिलं होतं. जीपवरून त्यानं बाबांना हात जोडले, खाली उतरला मात्र नाही. व्यापाऱ्यानं मूठभर कापूस उचलला, नाक मुरडलं, "रंगाचा माल मले चालत नाई." वरचा सगळा थर उपसून आम्ही घरी आणला. आईनं महिनाभर बोटांनी सरकी काढून त्याच्या गाद्या भरल्या. पाच वर्षं आमदार गावाकडे फिरकले नाहीत, आता चौकात पुन्हा त्यांचा हात जोडलेला फोटो लागलाय. येऊ द्या मत मागायला, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. याच गादीवर बसवीन, खोळ न घालता.