नवरदेवाच्या गाडीचा पाठलाग

विषय निघालाच आहे तर मीच सांगून टाकतो. नाहीतर आमची ही सांगेल, आणि तिखटमीठ लावून सांगेल. भाचीच्या लग्नात मी जो घोळ घातला, तसा आमच्या सात पिढ्यांत कुणी घातला नसेल.

मुळात दोष माझ्या भक्तीचा. त्या मोटारींच्या पाठलागाच्या सिनेमांचे दहाच्या दहा भाग मी थेटरात पाहिलेत, शिट्ट्या मारणाऱ्या कॉलेजच्या पोरांमध्ये बसून. पहिल्या भागात बिचारे रस्त्यावरून गाडी चालवायचे. पुढे धरणाच्या भिंतीवरून चालवू लागले, मग विमानाच्या पंखावरून, आणि आता तर त्यांना पृथ्वीच पुरत नाही. लोक हसतात. हसू देत. त्या माणसांचे केस गेले, पोटं सुटली, पण एकाची गाडी अडकली की बाकीचे सगळी कामं टाकून धावत येतात. आपल्या नात्यात कोण येतं हो असं? मला प्रत्येक भागात शेवटी भरून येतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

तर भाची पल्लवी, माझ्या ताईची एकुलती एक. मुलगा पुण्याचा, निनाद, कॉम्प्युटरवाला. मुहूर्त अकरा चाळीसचा. हॉल सुलतान बाजाराकडच्या गल्ल्यांत कुठेतरी. माझ्याकडे कामगिरी एवढीच, की दिलसुखनगरहून गुरुजींना गाडीत घ्यायचं आणि तिथल्याच लॉजवर उतरलेल्या नवरदेवाच्या गाडीबरोबर हॉलवर पोचायचं.

ताईचे यजमान फोनवर म्हणाले, "लोकेशन पाठवू का?"

"दाजी, तीस वर्षं हैदराबादेत काढली मी. मला लोकेशन पाठवता?"

खरं सांगू? हॉल मी पाहिलेलाच नव्हता. पण पुढे फुलांनी मढवलेली पांढरी गाडी असणार, तिच्या ड्रायव्हरला रस्ता माहीत असणार, आपण फक्त शेपूट सोडायचं नाही. यासाठीच तर दहा भाग पाहिले होते.

सुलतान बाजारापर्यंत सगळं छान चाललं. मग ती पांढरी गाडी एकदम हळू झाली. मीही हळू झालो. तिने बाजूला सरकून मला वाट दिली. मी मनात हसलो. पाठलाग करणाऱ्याने पुढे जायचं नसतं, हे मला तिसऱ्या भागापासून ठाऊक आहे. मग ती सुटली, मीही सुटलो. ऑटो, हातगाड्या, बेगम बाजारातली मिरचीची पोती, या सगळ्यांतून गाडी अशी काढली की माझं मलाच कौतुक वाटलं.

मागच्या सीटवर गुरुजी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते. मध्येच म्हणाले, "साहेब, हल्लू चला ना. अन् तो फोन तरी उचला, कवाचा वाजायलाय."

"गुरुजी, पाठलागात फोन घ्यायचा नसतो."

"पाठलाग? आपण लग्नाला चाललोत ना?"

वन-वेच्या कृपेने आम्ही आणखी दोनदा सुलतान बाजारात आलो, आणखी दोनदा बेगम बाजारात गेलो. घड्याळात साडेअकरा वाजले तेव्हा मात्र मला एक गोष्ट आठवली. आमच्यात नवरीला मांडवात मामा आणतो. म्हणजे नवरदेव, गुरुजी आणि मामा, नवरी सोडून लग्नाला लागणारं सगळं बेगम बाजारात फिरत होतं.

शेवटी एका टेम्पोने दोन्ही गाड्या अडवल्या. पुढच्या गाडीचा ड्रायव्हर उतरून आला. पुण्याचा माणूस, फार नम्र.

"मामा, आता तरी पुढे व्हा ना. मघापासून वाट देतोय."

"मी कशाला पुढे? हॉल तुम्हाला माहीत आहे ना?"

"आम्हाला? निनादसाहेबांचे वडील म्हणाले, मॅप कशाला लावतोस, मामा तीस वर्षांचे हैदराबादी आहेत. सुलतान बाजारापर्यंत पाट्या बघत आणलं, पुढे तुम्ही नेणार म्हणून."

शेजारचा मिरचीवाला हे सगळं मजेत ऐकत होता. "क्या चचा, तिसरी बार आरे तुम लोगां. किधर जाना?"

मी हॉलचं नाव सांगितलं.

"वो तो पिच्छे छोड के आए ना."

अकरा छत्तीसला पोचलो. ताईने मला सरळ पल्लवीकडे ढकललं. पल्लवीला बोहल्यावर आणताना तिचा हात धरला, तर बर्फासारखा गार. "मामा, मला वाटलं तुम्ही येतच नाही," एवढंच म्हणाली ती. तेव्हा फार वाईट वाटलं हो मला. गुरुजींनी मंगलाष्टकं अशा वेगात म्हटली की दहाही भाग मागे पडावेत, पण लग्न मुहूर्तावर लागलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण महिन्याभराने लग्नाचा व्हिडिओ आला आणि तो बघायला सगळं गणगोत ताईकडे जमलं. व्हिडिओवाला वराचं स्वागत टिपायला हॉलच्या दारातच कॅमेरा लावून उभा होता. पहिलंच दृश्य. पांढरी गाडी येते, ड्रायव्हर आरशात मागे बघतोय, गाडी निघून जाते. मागून माझी लाल गाडी, तीही जाते. थोड्या वेळाने पुन्हा पांढरी, पुन्हा लाल, आणि मागे ओरडत धावणारे दाजी. व्हिडिओवाल्याने खाली ढँण-ढँण संगीतही टाकलेलं. तिसऱ्या फेरीला दाजी रस्त्याच्या कडेला उभे राहून डोक्यावरचा फेटा सोडून फडकवतायत.

आणि लाल गाडीच्या खिडकीतून हसतमुखाने त्यांना टाटा करणारा मी. मला वाटलं होतं, कुणातरी रसिकाला माझं ड्रायव्हिंग आवडलं.