तव्यावरची न्योकी

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, परदेशी जहाजावर आचारी होता. अर्धांगाचा झटका आला आणि तो खानापूरजवळच्या आमच्या गावी परत आला, तो उजवा हात लुळा घेऊनच. दिवसभर खुर्चीवर बसून भाताच्या शेताकडे बघत राहायचा.

एकदा आईनं विचारलं, "जहाजावर काय रांधत हुतास रं? आमाला कवा दिसलंच न्हाय."

"न्योकी," तो म्हणाला. "बटाट्याचे गोळे, बोटाच्या पेराएवढे. आधी उकडायचे, मग तव्यावर भाजायचे." आणि त्यानं मांडीवरच्या लुळ्या हाताकडे बघितलं.

"तू सांग, मी करते," मी म्हटलं.

त्याची खुर्ची चुलीजवळ आणली. बटाटे कुस्करले, मैदा न् अंडं घालून मळले, तुकडे कापले. उकळत्या पाण्यात सोडले तशी सगळ्याची पेज झाली.

"बटाट्याची वाफ जाऊ दे म्हटलं न्हवं!" अण्णा ओरडला. डाव्या हातानं परात ओढायला गेला, ती खाली पडली. मग तो रडायलाच लागला. आई सांडलेलं पीठ गोळा करत राहिली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा केली. या खेपेला तुकडे पाण्यावर तरंगले. निथळून लोण्यात तव्यावर टाकले. "हलवू नको, तांबूस होऊ दे," अण्णा म्हणाला. त्याला हवा तो पाला इथं मिळत नाही, म्हणून कढीपत्ता टाकला.

"शेंगोळ्यांगतच हाय की गं!" आई म्हणाली. अण्णा हसला. बधिर ओठावरून लोणी ओघळलं, ते तिनं पदरानं पुसलं.

"जमलंय?" मी विचारलं.

"जमलंय. बसून खायाला आजच मिळालं बघ. तिथं उभ्या उभ्या चाखायचं, न् पुढची प्लेट भरायची."

थंडीत दुसरा झटका आला, त्यात तो गेला. दहाव्या दिवसाच्या नैवेद्याला त्याच्या आवडीचं काय करायचं, असं चुलतीनं विचारलं. आम्हा दोघींना सांगता येईना. इतकी वर्षं तो घरी यायचा तो पाहुण्यासारखा, समोर येईल ते खायचा.

शेवटी आई म्हणाली, "तेच कर." अंडं न घालता न्योकी केली. पान ठेवलं, कावळा लगेच शिवला. भावकीतली माणसं समाधानानं हातपाय धुवायला गेली. आई तिथंच उभी होती.

"आवडत हुतं का गं त्याला?" तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं.