रुमालाखालचा सौदा

हॉकीच्या विभागीय संघातून माझ्या लेकीला वगळलं, तेव्हा निवड करणाऱ्या साहेबाशी मी मैदानावरच भांडलो. बैलांचा व्यापार मी शून्यातून उभा केलाय. लबाडी मला लांबून कळते. तो राग अजून गेलेला नाही. लेकीने मात्र स्टिक माळ्यावर टाकली ती टाकलीच.

एकदा पाटोद्याच्या बाजारातून घरी आलो, तर ती मोबाइलवर बायकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा बघत होती. कुठल्याशा चिमुकल्या देशाचा संघ सपाटून हरत होता.

"कशाला आल्यात ह्या? मार खायाला?"

"गप बसा आण्णा. त्यांची गोलकीपर बघा."

गोलकीपरने पेनल्टी स्ट्रोक पायाने अडवला. सामना जिंकल्यासारख्या साऱ्या जणी तिच्या अंगावर पडल्या. लेक उभी राहून टाळ्या वाजवू लागली. "त्या देशात जन्मले असते तर मीच कॅप्टन असते!"

गिऱ्हाईकाचं मन हललं की व्यापाऱ्याने थांबू नये. बैलबाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात, तसा मी खांद्यावरचा रुमाल आमच्या हातांवर टाकला. "अजून किती वर्षं खेळशील?"

तिने एक बोट दिलं.

"एवढ्यात शेळी बी येत न्हाई!" मी भडकून तिचा अख्खा पंजा धरला.

हसत तिने दोन बोटं दिली. "आन निवडीच्या दिवशी तुमी मैदानावर यायचं न्हाई."

साहेबाला सुनवायचं अजून बरंच बाकी होतं. तरी मी तिची दोन्ही बोटं घट्ट दाबली आणि सौदा पक्का केला.